काळी चार

रविवार कारंजा, नाशिक
११ जून १९७९

प्रिय रंगनाथ,

तुझं पत्र येत नाही म्हणून मीच लिहितोय, यात माझा मोठेपणा आहे हे आधी मान्य कर. कळवणला लेकीच्या घरी जाऊन बसलास आणि नाशिकला एक मित्र आहे हे विसरलास. आपली गोदाविलास नाटक मंडळी बंद पडली तेव्हा तू ऑर्गन विकून मोकळा झालास. मला माझा गळा काही विकता आला नाही, म्हणून क्लास काढून बसलोय.

क्लासचं काय सांगू? सकाळी सात मुली, संध्याकाळी पाच मुलगे. मुलींना लग्नाआधी दोन नाट्यपदं हवीत, म्हणजे बघायला आलेल्यांसमोर बसून म्हणता येतील. मुलग्यांना सिनेमात जायचंय. गेल्या आठवड्यात एका मुलीच्या वडिलांनी विचारलं, काळी चार काळी चार म्हणता ते काय असतं? मी पेटीवरची चौथी काळी पट्टी दाखवली. म्हटलं, इथे सा धरला की कापडी थिएटरच्या शेवटच्या बाकापर्यंत आवाज कर्ण्याशिवाय जातो, आणि पुरुषांत हे फार थोड्यांना पेलतं. ते म्हणाले, मग माईक का नाही घेत? मी त्यांना चहा पाजून पाठवून दिलं. भांडायचंही त्राण उरलेलं नाही रे.

त्यातून ही पेटी. मोडीत घेतली ती चढी निघाली, सगळे सूर मुळातच वर बसवलेले. काळी चारला हात ठेवला की माझाच गळा मध्येच अडतो. दुरुस्तीवाला गेणू दोनदा उघडून बघून गेला, म्हणतो सूर चोख आहेत. त्याचे कान गेलेत. दुसरी पेटी आणली, तीही चढीच. हल्ली महागाईसारख्या पेट्याही चढ्याच निघतात वाटतं. म्हणून मी वर्गात गात नाही, बोटांनी दाखवतो. शिकवणाऱ्यानं गळा जपावा हे बरंच.

पण एक बातमी आहे. मला एक आवाज मिळालाय. सहादू. म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तर आहे, सव्वीसचा. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात त्यानं विहाराच्या अंगणात वंदना म्हटली, मी रस्त्यावरून चाललो होतो तो थांबलोच. याचे वडील जलशात गायचे, चार वाड्यांपलीकडे ऐकू जायचं म्हणतात. दुसऱ्या दिवशी त्याला घरी बोलावलं. यंदाच्या संगीत नाट्यस्पर्धेत आपलं चंद्रकेतूचं नाटक करतोय आणि चंद्रकेतू हा करणार. अर्थात काळी चारमध्ये. मी जसा केला तसा.

विमल नमस्कार सांगते.

तुझा
पुंजाराम


कळवण
२१ जून १९७९

प्रिय पुंजा,

विकला तो ऑर्गन मंडळीचा होता, माझा नव्हता, आणि पैसे मालकानं नेले. एवढी दुरुस्ती करून पुढे लिहितो.

माझं इथे बरं चाललंय. जावई तहसील कचेरीत, लेक कुसा घरात, मी ओट्यावर. संध्याकाळी देवळात भजनाला पेटी वाजवतो. इथली माणसं टाळांच्या गजरात गातात, पट्टी कोणती धरली याची कुणालाच पर्वा नसते, त्यामुळे सुखात आहे. शेजारचे आजोबा रोज विचारतात, "मास्तर, बरं शे ना?" मी म्हणतो, बरं शे.

पेट्या बदलू नकोस. गेणू चांगला कारागीर आहे, त्याच्या कानांना नावं ठेवू नकोस.

सहादूबद्दल वाचून आनंद झाला. पण पुंजा, एक ऐकशील? त्याला काळी चार कशाला? आता सगळीकडे माईक आहेत. पोरगा दिवसभर साठ मुलांच्या वर्गात ओरडतो, वर संध्याकाळी तुझी तालीम. काळी एकला ठेव, फार तर काळी दोन. स्पर्धेत पट्टीला मार्क नसतात.

वहिनींना नमस्कार. त्यांच्या हातच्या पुरणाच्या मांड्यांची आठवण येते. कुसाला जमत नाहीत, ती माझ्यावरच चिडते.

तुझा
रंगनाथ


नाशिक
३ जुलै १९७९

रंगनाथ,

काळी एक! हे तू लिहिलंस यावर माझा विश्वास बसत नाही. काळी एकला भजनं म्हणतात, चंद्रकेतू नाही. राजा सिंहासनावरून उठतो आणि पहिल्या आलापीला थिएटर गप्प होतं, ते काय काळी एकमध्ये होणार? तुला देवळातला वारा लागला.

मला सगळे हेच सांगतात. स्पर्धेतला आपला पेटीवाला सोमा, पोरसवदा आहे, तोही म्हणतो, बुवा, जरा खाली घेऊ. मी सगळ्यांना एकच उत्तर देतो. मी चोपन्नाव्या वर्षापर्यंत काळी चारमध्ये चंद्रकेतू केला. सिन्नरच्या शेवटच्या प्रयोगाला एकाच पदाला तीन वन्स मोअर घेतले. खोटं वाटत असेल तर कळवणला जा, ऑर्गनवर रंगनाथ होता, त्याला विचारा. तू माझा साक्षीदार आहेस लेका, आणि तूच असं लिहितोस?

सहादूलाही रोज हेच ऐकवतो. म्हणतो, बुवा, वर जाताना टोचतंय. मी म्हणतो, टोचणारच. मी चोपन्नाचा असताना गायलो, तू सव्वीसचा आहेस, लाज वाटू दे. मग पोरगा मुकाट्यानं पुन्हा धरतो. आज्ञाधारक आहे फार. हल्ली असे मिळत नाहीत.

मी खरंच थकलोय, रंगा. बारा जण येतात, त्यातल्या अकरांना मी काय सांगतो ते कळत नाही. हा एक तयार झाला की क्लासला कुलूप लावीन म्हणतो. मी कोण होतो हे लोकांना याच्या गळ्यातून ऐकू येईल, मग माझी काही तक्रार नाही.

पुंजाराम


नाशिक
१९ जुलै १९७९

रंगनाथभावोजींना विमलचा नमस्कार.

हे पत्र मी यांच्या नकळत लिहिते आहे. उत्तर घरी पाठवू नका, शेजारच्या सुमनबाईंच्या पत्त्यावर पाठवा. पत्ता मागे आहे.

आडवळणं घेत नाही. यांच्या पट्टीचं मला ठाऊक आहे. मी पंधरा वर्षं प्रयोगाला विंगेत बसत होते, थर्मास घेऊन. तिथून तुमचा ऑर्गन सरळ दिसायचा. आधी तुमचं बोट चौथ्या काळीवर असायचं. मग एके वर्षी ते शेजारच्या पांढरीवर आलं. मग तिसऱ्या काळीवर. मला गाणं कळत नाही, पण डोळे आहेत. शेवटची दोन वर्षं तर तुम्ही तिसऱ्या पांढरीवरून उठलाच नाहीत. हे तिकडे पुढे उभे, कधी मागे वळून पाहिलं नाही. घरी आले की म्हणायचे, आज गळा कसा सुटला होता! मी दूध गरम करून द्यायचे. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

तेव्हा कुणाचं नुकसान नव्हतं. आता आहे. तो सहादू चांगला मुलगा आहे, गरिबीतून शिकलाय. परवा त्याची आई सावित्रीबाई भाजी घेऊन आली होती, मी एकटी होते. म्हणाली, "बाई, पोरगं घरी आलं का बोलत नाय. नुसतं गरम पाणी पितं. त्याची नोकरीच गळ्यावर हाय. बुवांना सांगा की जरा." मी काय सांगणार? मी एकदाच म्हटलं होतं, आवाज जरा उतरलाय तुमचा, तर हे दोन दिवस जेवले नाहीत. बायको बोलली की तिला काय कळतंय. तुम्ही बोललात तर ऐकतील. सगळ्यांना ते तुमचंच नाव सांगतात.

भावोजी, तेवढं लवकर करा.

विमल


कळवण
२७ जुलै १९७९

सौ. विमलवहिनींना सप्रेम नमस्कार.

तुम्ही विंगेतून बघत होतात हे वाचून मी ओट्यावर बसल्या बसल्या घामाघूम झालो. मला वाटत होतं फक्त भिकन तबलजी आणि मी. तबला सुरात लावावा लागतो, त्यामुळे त्याला सांगणं भाग होतं. पुढे सुलाबाईंनाही कळलं. नायिकेला एवढ्या खाली गायला जड जायचं, पण बिचारी कधी बोलली नाही. म्हणजे सगळ्या मंडळीला ठाऊक होतं म्हणा ना.

सुरुवात मालेगावला झाली. पहिल्या अंकात पुंजाचा आवाज वरच्या सुरावर फाटला. लोक हसले नाहीत, ते एक नशीब. अंक संपला तेव्हा तो रंगपटात मुकुट मांडीवर घेऊन बसला होता. म्हणाला, रंगा, मी संपलो, उद्या गाशा गुंडाळतो. दुसऱ्या प्रयोगाला मी अर्धा सूर खाली धरला. भिकननं तबला उतरवला. पुंजा गाऊन आत आला आणि मला मिठीच मारली. गळा मोकळा झाला म्हणून सगळ्यांना पेढे वाटले. आता तुम्हीच सांगा, त्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगायचं? पुढे दोन-तीन वर्षांनी पुन्हा अडायला लागला की मी आणखी अर्धा सूर उतरायचो. तो तंबोराही माझ्याकडूनच लावून घ्यायचा. एवढा विश्वास होता.

मी काही पाप केलं असं मला वाटत नाही. त्याला दहा वर्षं गाता आलं, लोकांना ऐकता आलं. पण तुम्ही म्हणता तेही खरं आहे. मी त्याला समजावतो. एकदम नाही, हळूहळू. सगळं उघड केलं तर तो काय करील याची भीती वाटते. तुम्हालाही वाटत असणार, नाहीतर तुम्हीच सांगितलं असतंत.

आपला
रंगनाथ


कळवण
२८ जुलै १९७९

प्रिय पुंजा,

रागावू नकोस. देवळातला वारा मला लागलाय हे कबूल. तरीही लिहितो. प्रत्येकाची पट्टी वेगळी असते, एकाचा अंगरखा दुसऱ्याला कसा बसणार? सहादूच्या वडिलांचा आवाज मोठा होता म्हणतोस, पण मोठा म्हणजे उंच नव्हे. एकदा त्याला त्याच्या बोलण्याच्या सुरात गाऊन बघू दे. आणि तुझ्या पट्टीचं म्हणशील तर माणसाच्या गळ्याला वय असतंच. तुझाही काही शेवटपर्यंत अगदी पहिल्यासारखा नसेल राहिला. जवळच्या माणसाला ते जाणवतं.

कुसाच्या मुलाला दात आले. मला एकेक जातो आहे.

तुझा
रंगनाथ


नाशिक
१४ ऑगस्ट १९७९

रंगनाथ,

तुझं पत्र वाचून मी आठ दिवस काही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर शिव्याच लिहिल्या असत्या.

"शेवटपर्यंत पहिल्यासारखा नसेल राहिला." हे तू म्हणतोस! माझ्या मागे बसून पंचवीस वर्षं टाळ्या ऐकल्यास, त्या मनाला लागल्या होत्या म्हणायच्या. पडदा पडला की हार माझ्या गळ्यात पडायचे, ऑर्गनवाल्याकडे कोण बघणार? मी कधी मनात आणलं नव्हतं, पण आज येतंय. आता माझा शिष्य उभा राहतोय तर तोही खाली खेचायचा. चालू दे.

सहादूची तालीम जोरात आहे. आवाज जरा बसलाय, पण ते चांगलं लक्षण. जुना गळा मरतो तेव्हा नवा येतो, मला असंच शिकवलं होतं. मिठाच्या गुळण्या आणि ज्येष्ठमध देतोय. विमलचं तोंड फुगलेलं असतं हल्ली. तिला काय झालंय विचारलं तर सांगत नाही. 

पत्राला उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही.

पुंजाराम


नाशिक
५ सप्टेंबर १९७९

रंगनाथभावोजींना नमस्कार.

तुमचं हळूहळू पुरे झालं.

काल तालमीत वरचा सूर लावताना सहादूला ठसका लागला. पदर धरावा तशी भिंत धरून बसला. थुंकीत रक्त होतं. हे म्हणाले, शीर तुटली असेल, होतं असं, पाणी पी आणि पुन्हा धर. तो उठलाही होता! मी स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि पेटीचा भाता दाबून धरला. आयुष्यात पहिल्यांदा असं केलं. 

डॉक्टरांनी आरसा घालून पाहिलं. गळ्यात आत गाठी आल्यात. असंच चालू ठेवलं तर बोलणंही जाईल म्हणाले. नोकरी जाईल म्हणजे घरातली चूल जाईल, त्याच्यामागे आई आणि दोन बहिणी आहेत. तरी तो मला काय कुजबुजला माहीत आहे? "काकू, बुवांनी केलं होतं ना, मग मला का जमत नाय? माझंच कुठंतरी चुकतंय." आणि हे आत बसून म्हणतात, आठ दिवस विश्रांती, मग पुन्हा काळी चार.

त्या पोराला वाटतंय आपणच कमी आहोत. भावोजी, हे मी सहन करणार नाही. तुम्ही लिहिलं नाहीत तर मी सांगेन, आणि मग तुमच्या नावासकट सांगेन.

विमल


कळवण
९ सप्टेंबर १९७९

पुंजा,

हे पत्र बसून वाच, आणि वहिनींना बाजूला बसव.

तू सगळ्यांना सांगतोस की काळी चारचा साक्षीदार मी आहे. मग साक्ष ऐक. मालेगावच्या त्या प्रयोगानंतर तू काळी चारमध्ये एकदाही गायलेला नाहीस. मी पट्टी खाली धरत गेलो. आधी पांढरी पाच, मग काळी तीन, मग पांढरी चार. शेवटची दोन वर्षं पांढरी तीन. सिन्नरचे ते तीन वन्स मोअर तू पांढरी तीनमध्ये घेतलेस. तुझ्या पेट्या चढ्या नाहीत, पुंजा. गेणूचे कान शाबूत आहेत.

मी तुला फसवलं असं तू म्हणशील. म्हण. मला त्याचा पश्चात्ताप नाही. मुकुट मांडीवर घेऊन बसलेला तू मला बघवला नाहीस. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा तेच करीन. आणि टाळ्या माझ्या मनाला कधी लागल्या नाहीत. त्या टाळ्या वाजाव्यात म्हणून तर मी दहा वर्षं बोट सरकवत बसलो होतो. तू मागच्या पत्रात जे लिहिलंस त्यानं मला जेवण गेलं नाही, हेही सांगून टाकतो.

पण सहादूचा गळा तू ज्या उंचीवर टांगलायस, तिथवर तू स्वतःच पोचत नव्हतास. तो बिचारा तुझ्याशी बरोबरी करायला बघतोय आणि बरोबरी करायला तिथे कुणी नाही. हे त्याला कळलं पाहिजे, आणि तुझ्या तोंडून कळलं पाहिजे. मी उशीर केला हे मात्र खरं. जूनमध्येच लिहायला हवं होतं.

तुझाच
रंगनाथ


नाशिक
३ ऑक्टोबर १९७९

रंगनाथभावोजींना नमस्कार.

तुम्ही दोन कार्डं पाठवलीत ती मिळाली. हे उत्तर देत नाहीत म्हणून मी देते.

तुमचं पत्र यांनी माझ्यासमोर वाचलं. मला विचारलं, "तुला माहीत होतं?" मी हो म्हटलं. मग पत्राची घडी घालून ठेवली. संध्याकाळच्या मुलांना परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मुलींनाही. तेव्हापासून क्लास बंदच आहे. दसऱ्याला पेटीची पूजा मीच केली.

एक दिवस टोपी घालून भद्रकालीत भिकनकडे जाऊन आले. काय बोलणं झालं ते सांगितलं नाही. परत आले ते फार थकून, पायातल्या चपला काढायचंही सुचत नव्हतं.

सहादूला डॉक्टरांनी बोलायला बंदी केलीय. शाळेत रजा मिळाली नाही, तेव्हा फळ्यावर लिहून शिकवतो. मुलं आश्चर्यानं गप्प बसतात म्हणे. स्पर्धेतून नाटक काढून घेतलं. तो मात्र रोज संध्याकाळी येतो, दाराशी बसतो, अर्ध्या तासानं जातो. हे त्याच्याकडे बघत नाहीत. मी दोघांना चहा देते.

मी केलं ते बरोबर केलं ना भावोजी? रोज स्वतःला विचारते.

विमल


नाशिक
२४ नोव्हेंबर १९७९

रंगा,

तुला लिहायचं नाही असं ठरवलं होतं. दिवाळी गेली, तुझ्या कुसानं पाठवलेला फराळ आला, मी हात लावला नाही. विमलनं शेजारी वाटला. मग शेजारच्या सुमनबाईंनी येऊन शंकरपाळ्यांचं कौतुक केलं, तेव्हा मला हसू आलं. अडीच महिन्यांत पहिल्यांदा.

राग गेलेला नाही. पण आता तो कुणावर काढायचा ते कळत नाही. तुझ्यावर काढावा तर तू माझी इज्जत राखलीस. स्वतःवर काढावा तर मला ठाऊकच नव्हतं. भिकनकडे गेलो होतो. म्हटलं, खरं सांग. तो म्हातारा दाढी करता करता थांबला आणि म्हणाला, "बुवा, तुम्हाला म्हाईत नव्हतं व्हय? आमाला वाटायचं, तुमच्याच सांगण्यावरून हाय." रंगा, तुझ्या पत्रापेक्षा मला ते लागलं. म्हणजे दहा वर्षं सगळ्यांना वाटत होतं की मी वय जाणून खाली आलोय, समजूतदार आहे. आणि मी रस्त्यानं छाती काढून चाललो होतो. माझ्यापेक्षा मंडळीच्या मनातला पुंजाराम शहाणा होता.

टाळ्यांबद्दल मी जे लिहिलं ते वाईट होतं. पुसता येत नाही म्हणून सांगतो, ते वाईट होतं.

आता सहादूचं. तो रोज यायचा हे विमलनं कळवलं असेलच, ती तुला सगळंच कळवते. मी त्याच्याकडे बघत नव्हतो. काय बघणार? पोराचा गळा मी खरवडून काढला, तेही अशा गोष्टीसाठी, जी माझ्याकडे नव्हतीच. परवा तो आला, दाराशी बसला, आणि मी त्याला आत बोलावलं. पेटी मध्ये ठेवली आणि सगळं सांगितलं. मालेगाव, तू, भिकन, पांढरी तीन. म्हटलं, तुझं काही चुकत नव्हतं. मी सांगत होतो ते मीच करत नव्हतो. तुला जायचं असेल तर जा, तुझ्या आईच्या पाया पडायला मी येतो.

तो उठला नाही. बोलायची परवानगी अजून थोडीच आहे, तेव्हा अगदी हळू म्हणाला, "बुवा, मग तुमचा आवाज कसा होता?"

मी विचारलं, म्हणजे? तो म्हणाला, "मी तुम्हाला कधी ऐकलंच नाय. तुम्ही पेटीवर दाखवता. मी आपलं मनानं धरलं होतं तुमचा आवाज कसा असंल ते, आन् त्याच्यामागं पळत होतो."

रंगा, हे खरं आहे. सात महिन्यांत मी त्या मुलासमोर एक ओळ गायलेलो नाही. पेटी चढी आहे म्हणून गात नव्हतो, आणि पेटी चढी नव्हती.

डॉक्टर म्हणतात, गाठी ओसरतायत. पण वरचा आवाज परत येईलच असं नाही. खालचा येईल, शिकवण्यापुरता नक्की, गाण्यापुरता बहुधा. मार्चपर्यंत गायचं नाही. ऐकायला बंदी नाही. तेव्हा मार्चपर्यंत तो फक्त ऐकणार आहे, आणि त्याला ऐकवायचं तर मला गावं लागणार.

काल दुपारी विमल बाजारात गेल्यावर मी पेटी घेऊन बसलो. पांढरी तीन धरली. तू पत्रात लिहिलीस तीच. नाही लागला रे सूर. पांढरी दोनला आलो, काळी एकला आलो. एका पट्टीवर वाटायचं इथे आहे, दुसरीवर वाटायचं इथेही आहे. माझा गळा कुठे उभा राहतो हे मला ओळखता येत नाही. पंचवीस वर्षं सा तू दिलास आणि मी उचलला. स्वतः कधी शोधलाच नाही. मी गायनशिक्षक आहे रंगा, दारावर पाटी आहे, आणि मला माझी पट्टी ठाऊक नाही. पाचेक वाजेपर्यंत बसलो, मग पेटी बंद केली. इतका थकवा मला पाच अंकी नाटकानंतरही आला नव्हता.

तू ये. एसटी सकाळची आहे, दुपारपर्यंत पोचशील. विमल मांडे करणार आहे, तिनं पुरणाची डाळ आजच आणून ठेवली, म्हणजे तू येणार हे तिनं माझ्याआधीच ठरवलंय. तू पेटीवर बस, सहादू समोर बसेल. मी जेवढं उरलंय तेवढं गाईन. सूर तू दे. आणि या वेळी कोणती पट्टी धरलीस ते त्याच्यासमोर मोठ्यानं सांग.

पुंजाराम